विनोदाच्या आधीच शेवट

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र त्याचा तसूभरही परिणाम झालेला नाही. दोन बाणांचे चिन्ह मिरवत आलेला तोच व्हिडिओ परभणीचे मामा सकाळी टाकतात, लातूरची आत्या दुपारी टाकते आणि रात्री जालन्याचे भाऊजी 'हे बघितलं का?' असे विचारून पुन्हा टाकतात. तेही एक वेळ चालून जाते, कारण न बघता हसरा चेहरा चिकटवण्याची सोय आहे.

संताप येतो तो प्रत्यक्ष कार्यक्रमात. संभाजीनगरला एखादा विनोदी कलाकार येतो, आपण पैसे मोजून तिकीट काढतो आणि मागच्या रांगेतले गृहस्थ, ज्यांनी त्याचे सगळे रील आधीच पाठ केलेले असतात, प्रत्येक विनोदाचा शेवट त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच बायकोला मोठ्याने सांगून मोकळे होतात. शेवटच्या वाक्याआधी कलाकार क्षणभर थांबतो, त्यातच तर सगळी गंमत असते. नेमका तिथेच यांचा आवाज घुसतो. पुढे कोणीतरी मोबाइल उंचावून चित्रीकरण करत असते (बंदीची सूचना सुरुवातीलाच झालेली असते, पण ती इतरांसाठी!) आणि त्या उजेडात रंगमंचावरचा माणूस धड दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी तेच थरथरते चित्रीकरण ग्रुपवर येते, त्यात कलाकाराचा आवाज कमी आणि मागच्या गृहस्थांचाच जास्त, शिवाय खाली लिहिलेले असते, 'शेवटपर्यंत बघा'.