"बैलाला कुठं दुखतंय" म्हणणाऱ्यांना

"जनावरांना बुद्धी नसते, विज्ञानाने सिद्ध केलेली पाच कारणं" असा एक मेसेज सध्या खानापूरपासून निपाणीपर्यंत ग्रुपवर फिरतोय. मी लक्षच दिलं नसतं, पण आमच्या चुलतभावानं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघा, उगाच बैलाची दया करत बसता." सीझनला याची बैलगाडी ऊस ओढते, म्हणून बोलावं लागतंय.

मेंदू लहान म्हणून अक्कल नाही, हे पहिलं कारण. बंबलबी म्हणजे मधमाशीच्या जातीतली केसाळ माशी, तिचा मेंदू असून असून केवढा असणार? तरी लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत २०१६ साली या माश्या दोरी ओढून साखरपाणी मिळवायला शिकल्या, आणि त्यांचं बघून दुसऱ्या शिकल्या. पुढं चला.

दुसरं कारण वाचून डोकं फिरलं. "जनावर तडफडतं ती रिफ्लेक्स ॲक्शन, वेदना नव्हे." म्हणजे टोचलं की अंग आपोआप हलतं, एवढंच. अरे, पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर, म्हणजे खिळा लावून चढावर बैलाला टोचतोस, त्याच्या पुठ्ठ्यावरच्या जखमा बघ एकदा जवळ जाऊन. माशा बसलेल्या असतात, तिथं हात नेला तरी कातडी थरथरते. आणि पराणी नुसती उचल, टोचू नकोस, बैल आधीच अंग चोरतो, कान मागं टाकतो, आणि तेच ज्यानं कधी मारलं नाही तो जवळ आला तर मान पुढं करतो. रिफ्लेक्स टोचल्यावर येतो रे, टोचायच्या आधी नाही. कुणी मारलं, कशानं मारलं, हे सगळं लक्षात ठेवल्याशिवाय हे होत नाही. जुलै २०१२ मध्ये केंब्रिजला जमलेल्या मेंदूच्या अभ्यासकांनी जाहीरनामाच काढला की जाणीव ज्याच्यामुळं तयार होते ती मेंदूतली यंत्रणा एकट्या माणसाकडं नाही, सगळ्या सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आहे, ऑक्टोपससारख्यांतही आहे. बैल सस्तन प्राण्यातच येतो ना? मग "विज्ञानाने सिद्ध केलं" ते कुठलं विज्ञान?

तिसरं कारण, प्राण्यांची हुशारी म्हणजे मालकाची ट्रिक. यात थोडं तथ्य आहे, मान्य. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो असा बोलबाला होता, १९०७ साली फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकतो. पण घोडा समोरच्या माणसाची मान किंचित हलली तरी ती टिपत होता, जे त्या माणसालाही कळत नव्हतं! गणित येत नव्हतं, बरोबर, पण म्हणून बुद्धीच नव्हती?

चौथं, जनावराला कशाचं मोल कळत नाही. २००३ साली ब्रॉस्नन आणि द वाल यांनी कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलाय. माकडानं हातात दिलेला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा, माकडं खूश. शेजारच्या माकडाला त्याच खड्याला द्राक्ष दिलं, तर बऱ्याच माकडांनी काकडी नाकारली. काकडी तीच होती, मग नको का झाली?

राहिलं पाचवं, जनावर म्हणजे मालकीची वस्तू, कायदा काही म्हणत नाही. मालकी आहेच, बैल तू पैसे देऊन आणलास. पण प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे, आणि ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात खिळा लावलेली काठी वापरायला सरळ मनाई आहे. तेव्हा मेसेज डिलीट कर, आणि पराणीची आर आजच्या आज काढून टाक.