मागीर पुस्तकांत चूक आसतली

गेल्या रविवारची जखम अजून ओली आहे, म्हणून लिहून टाकतो. फोंड्याजवळच्या एका गावात, देवळाच्या अग्रशाळेत, वाचणाऱ्या मंडळींनी मला ‘ड्रॅक्युला’वर बोलायला बोलावलं होतं. कादंबरी आणि तिच्यावरचे सिनेमे. पाऊण तास देतो म्हणाले होते. समईची वात तीनदा विझली, प्रास्ताविक लांबलं, माझं आडनाव दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकलं आणि माझ्या हाती वीस मिनिटं उरली.

मी घाईघाईत सुरुवात केली. ब्रॅम स्टोकर, १८९७, सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांतून सांगितलेली. मग १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’. आणि बोलता बोलता सहज म्हणालो, “ड्रॅक्युला उन्हानं मरतो, हे पुस्तकात नाहीच.”

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली.

भाई उठले. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. स्वतः निवृत्त झाले, लाल पेन अजून नोकरीत आहे.

“सर, एक दुरुस्ती,” भाई म्हणाले. “तो उन्हानंच मरतो.”

“सिनेमात, भाई. पुस्तकात तो दिवसाढवळ्या फिरतो. लंडनच्या पिकाडिलीत भर दिवसा दिसतो. एकदा तर बंदरावर गवती टोपी घालून येतो.”

“गवती टोपी?” भाईंनी सभेकडे पाहिलं. “म्हणजे कळंगुटला असतात तसा?”

सभा हसली. तोवर माझ्या एकाही वाक्याला ती हसली नव्हती.

“दिवसा त्याची शक्ती चालत नाही, एवढंच,” मी म्हणालो. “शेवटी तो सुऱ्यांनी मरतो. नायक जोनाथन कुकरीनं गळा चिरतो. आपल्या गुरख्यांची असते ना, ती कुकरी! आणि दुसरा छातीत सुरा खुपसतो.”

“छातीत लाकडी सूळ नाही?”

“ड्रॅक्युलाला नाही.”

गोव्यात मराठी साहित्यावरचा वाद ‘तुम्ही’वर सुरू होतो आणि तापला की कोकणीत, ‘तूं’वर उतरतो. भाई उतरले.

“आयक मरे. हांवें दोळ्यांनी पळयलां. पडदो ओडलो, वत पडलें, लासून गोबर जालो तो!”

पुढच्या रांगेत मुंबईहून आलेली एक पाहुणी दचकली. तिला शेण ऐकू आलं. कोकणीत गोबर म्हणजे राख, हे तिला समजावण्यात माझी दोन मिनिटं गेली. आधीच वीस होती.

आणि भाई खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. १९५८ च्या सिनेमात पीटर कुशिंग पडदे खेचतो, मेणबत्त्यांच्या दोन दांड्यांचा क्रूस धरतो आणि ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर लीची राख होते. भाईंनी तेच पाहिलं होतं. तरुणपणी, एकदाच. मी पुस्तक तीनदा वाचलंय. पण तीनदा वाचलेल्याचा आवाज बारीक असतो.

“ती उन्हाची कल्पना ‘नोस्फेराटू’तून आली,” मी शेवटचा प्रयत्न केला. “तो परवानगीशिवाय काढलेला सिनेमा. स्टोकरच्या विधवेनं खटला भरला. प्रती नष्ट करा असा कोर्टाचा हुकूम झाला, तरी काही वाचल्या. म्हणजे तुम्ही जे खरं म्हणताय ते चोरीच्या सिनेमातलं आहे!”

भाईंनी क्षणभर विचार केला. फाइल परत पाठवताना करत असतील तसा.

“मागीर पुस्तकांत चूक आसतली,” ते म्हणाले आणि बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर एका बाईंनी विचारलं, हा आपल्या देवचारासारखाच का? संपलं. उरलेला वेळ देवचाराला गेला. कोण रात्री शीव राखतो, कुणाला काठीचा आवाज आला, कुणाच्या आज्यानं वाट चुकल्यावर रोट आणि दारू ठेवली. सगळे एकदम बोलत होते. मला बोलावलं कशाला, असं विचारावंसं वाटलं. देवचाराला तरी जाताना कुणी रोट देतं. आभार मानणाऱ्यानं ‘मौलिक माहितीबद्दल’ आधी भाईंचं नाव घेतलं, मग माझं. आडनावाचा तिसरा प्रकार. आणलेल्या दोन नारळांतला एक आयत्या वेळी भाईंच्या हातात गेला, सोललेला, मोठा. नारळाचा हल्लीचा भाव बघता हे मी विसरणार नाही.

आता एक कबुली. पुस्तकाच्या शेवटी, सुरे लागल्यावर, सूर्य मावळता मावळता ड्रॅक्युलाच्या देहाची खरंच धूळ होते. म्हणजे गोबर झालाच. हे मी सभेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरा नारळही गेला असता.

शेवटची बस चुकली. भाईंनी स्कूटरवरून फोंड्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. वाटभर पडदा कसा खेचला ते हँडल सोडून दाखवत होते. उतरताना त्यांनी माझं पुस्तक मागून घेतलं. “चूक कुठे आहे ती पाहून देतो.”

परवा फोन केला. म्हटलं, भाई, वाचलंत का?

“दुसऱ्या प्रकरणात आहे,” ते म्हणाले. “लाल पेनाने खूण केली आहे. आनी हाका मिशी कित्याक?”