लातूरच्या उन्हात टीएलसी

थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे आमची टीएलसी, मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची पद्धत, १९३८ साली युक्रेनमधल्या खारकीव्हला इझ्माइलोव आणि श्रायबर या दोघांनी पहिल्यांदा करून पाहिली. खारकीव्हला बर्फ पडतं. एवढं एक वाक्य पुस्तकात असतं, तर लातुरात ऐन उन्हाळ्यात एमएस्सीची प्रॅक्टिकलं लावणाऱ्यांना थोडी दया आली असती.

टीएलसीला आधी केसाएवढी बारीक कॅपिलरी लागते. काचेची नळी बर्नरवर लाल करायची, ज्योतीबाहेर घ्यायची आणि सर्रकन ओढायची. बर्नर म्हटलं की पंखा बंद. बाहेर ४२ अंश, आत प्रत्येक टेबलावर बर्नर, आणि सर दारातल्या वाऱ्याला उभे राहून सांगणार, "घाई करू नका रे, शांतपणे ओढा." या की मग इकडं, शांतपणे.

पुढं सिलिका जेलचा थर दिलेली काचपट्टी. तिच्यावर तळापासून सेंटीमीटरभर वर पेन्सिलीनं हलकी रेघ मारायची. पेन्सिलीनंच! शेजारच्या पठ्ठ्यानं पेन वापरला. पट्टीवर चढणाऱ्या सॉल्व्हंटबरोबर, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाबरोबर, शाईही चढली आणि त्यानं जर्नलात दोन जादा घटक नोंदवून टाकले.

मग रेघेवर कॅपिलरीनं मिश्रणाचा ठिपका द्यायचा आणि पट्टी बीकरमध्ये उभी करायची. आत सॉल्व्हंट म्हणून हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेट, पण ठिपक्याच्या खालपर्यंतच. ठिपका बुडाला की माल खालीच विरघळून जातो. वर झाकण. आणि झाकण उघडून बघायचं नाही, हा सगळ्यात जाचक नियम. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हेसुद्धा झाकण काढून बघतात, इथं तर स्वतःचं होतं. शिवाय आमच्या हवेत सॉल्व्हंट टिकतो कुठं? इथर या दुसऱ्या सॉल्व्हंटचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश. हा आकडा लातूर सकाळीच ओलांडतं. बाटलीचं बूच काढलं की इथर आपल्याआधी घरी.

ठिपके बिनरंगी असले तर ते यूव्ही दिव्याखाली, २५४ नॅनोमीटरला बघायचे. दिवा लावला की लाईट जाणार, हे ठरलेलंच. अशा वेळी लॅबचे मामा न बोलता आयोडीनची बाटली पुढं सरकवत. तिच्यात पट्टी ठेवली की तपकिरी ठिपके हजर. फक्त बाहेर काढल्याबरोबर त्यांना पेन्सिलीनं गोल करायचं, नाहीतर तेही उडून जातात. वीज नको, पाणी नको. माझ्या मते मराठवाड्यासाठी एवढं एकच रसायन घडवलेलं आहे.

शेवटी आरएफ. ठिपका किती चढला, भागिले सॉल्व्हंट किती चढला. उत्तर एकाच्या वर जाऊच शकत नाही. पण पट्टी बाहेर काढताच सॉल्व्हंटची कड आखावी लागते, नाहीतर ती वाळून दिसेनाशी होते. तोंडी परीक्षेत आमच्या त्याच पठ्ठ्याचा आरएफ १.२ निघाला. परीक्षकांनी चष्मा काढला.

"सॉल्व्हंटच्या पुढं कसा गेला रे हा?"

"पुढं नाही गेला सर. सॉल्व्हंट उडून गेला. ठिपका कुठं जातोय बिचारा?"