'ढाकचा बहिरी' आणि 'बहिरी ससाणा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही 'एक भटक्या' एवढीच सही केलीत, त्यामुळे नावाने हाक मारता येत नाही. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं म्हणून बसलो होतो. पण तुम्ही मला एका ठिकाणी नेमकं पकडलंय आणि दोन ठिकाणी, माझ्या मते, तुमचाच पाय घसरलाय. तेव्हा लांबणार.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'बहिरी ससाणा' या नावातला 'बहिरी' हा अरबी 'बहरी'वरून आला, बहर म्हणजे समुद्र, असं मी लिहिलं होतं. पुढे ओघात दोन वाक्यं टाकली होती. एक, ढाकच्या बहिरीला (कर्जतजवळच्या ढाक किल्ल्याशेजारच्या कड्यातल्या गुहेतलं ते देवस्थान) ते नाव तिथल्या कड्यावरच्या ससाण्यांमुळे पडलं असावं. दोन, बहिर्जी नाईकांचं नाव या पक्ष्यावरून पडलं ही व्हॉट्सॲपवर फिरणारी कथा आहे. यावर तुमचं म्हणणं असं: ढाकचा बहिरी म्हणजे भैरव, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पक्ष्याचं नावही भैरवावरूनच, पण 'मराठी शब्द दिसला की त्याला अरबी शेपूट लावायची' ही आम्हा लेखकांची खोड. आणि बहिर्जी नाईकांचं नाव मात्र ससाण्यावरूनच, कारण त्यांची नजर तशी होती.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. लाज यासाठी वाटते की मी तिथे जाऊन आलोय. जांभिवलीकडून कोंडेश्वराच्या देवळावरून निघालो, कळकरायच्या सुळक्याशेजारच्या नळीतून उतरलो, तो आडवा कडा दोर धरून पार केला आणि गुहेत पोचल्यावर शेंदराने माखलेल्या देवासमोर हात जोडून टाक्यातलं पाणी प्यायलो. तिथे ठेवलेल्या भांड्यांत चहासुद्धा केला. एवढं सगळं करून घरी आलो आणि लिहिताना देव विसरलो, पक्षी तेवढा लक्षात राहिला.

का राहिला तेही सांगतो. उतरताना कड्याच्या मध्यावर मागचा भिडू अडकला म्हणून आम्ही खोळंबलो होतो. आमच्या पायांखाली, पंचवीसेक फुटांवर, एका वठलेल्या फांदीवर तो बसला होता. पाठ पाटीसारखी काळपट, पोट तांबूस, डोक्यावर काळी टोपी आणि गालावर खाली उतरलेला काळा कल्ला. पिवळ्या पंजाखाली पोपट धरलेला. तो पिसं उपटत होता आणि दरीतला वारा ती पिसं वर आमच्याकडे आणत होता. एक हिरवं पीस पुढच्याच्या सॅकच्या बंदात अडकलं ते थेट गाडीत बसेपर्यंत तिथेच होतं. असं दृश्य पाहिल्यावर माणूस नाव त्याच्याच खात्यावर टाकतो. माझी चूक तिथली.

आणि तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच काढून देतो. तो पक्षी बहिरी नव्हताच, शाहीन होता. जात एकच, पण शाहीन इथला, बारमाही, कड्याकपारींत घरटं करणारा. बहिरी म्हणतात तो थंडीत उत्तरेकडून येणारा पाहुणा. तो उतरतो खाडीवर, तलावावर, दलदलीवर, जिथे बदकं आणि चिखलपक्षी मुबलक असतात तिथे. म्हणजे कड्यावरच्या पक्ष्यावरून बहिरी नाव पडायला आधी तो पक्षी तरी बहिरी हवा होता.

इथेच तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर सुरू होतं. पाण्यावर शिकार करणाऱ्याला 'समुद्री' म्हणणं यात ओढाताण कुठे आहे? अरबांच्या बाजपालनात आजही 'शाहीन बहरी' आणि 'शाहीन जबली' अशी जोडी आहे (तिथे शाहीन हे नाव दोघांनाही). बहर म्हणजे समुद्र, जबल म्हणजे डोंगर. समुद्राकडून येणारा तो बहरी, डोंगरातला तो जबली. उत्तर हिंदुस्थानातले मीरशिकारही, म्हणजे शिकारी पक्षी पाळणारे-शिकवणारे, याला बहरी म्हणत, आणि त्यांच्या तोंडी भैरव कुठेच नाही. नाव भैरवाचं असतं तर त्याच्याबरोबर एखादी कथा आली असती, मूर्तीच्या हातावर पक्षी दिसला असता. भैरवाजवळ असतो कुत्रा. ससाणा बसलेला भैरव मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर फोटो पाठवा, खरंच.

मग 'बहरी'चा 'बहिरी' का झाला? पहलवानाचा पहिलवान का झाला, तसाच. ह नंतर इ घुसवायची आपल्या जिभेला सवय आहे. शिवाय आपल्याकडे 'बहिरी' हा ओळखीचा शब्द आधीपासून दोनदा तयार होता. बधिरचा बहिरा, त्याची बहिरी. आणि भैरवचा बहिरव, बहिरोबा, बहिरी. भगिनीची बहीण होताना भ मधला ह जसा सुटून पुढे सरकला तसाच इथेही सरकला. तिसरा शब्द परमुलखातून आला आणि आयत्या साच्यात बसला. उच्चार एक, मुळं तीन. त्यामुळेच 'हा पक्षी ठार बहिरा असतो, म्हणून तर त्याला टोपी घालतात' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. टोपी डोळ्यांवर असते हो, पक्षी बिथरू नये म्हणून. कान त्याचे शाबूत असतात, फक्त पिसांखाली झाकलेले.

(जाता जाता: गझलेतली 'बहर' म्हणजे वृत्त, हाही तोच अरबी समुद्र. पण आंबिया बहर, मृग बहर यातला बहर वेगळा, तो फारसी 'बहार'चा. मूळ लेखाखाली एकांनी हे दोन्ही एकत्र केले होते, त्यांनाही उत्तर इथेच.)

अरबी शेपटीबद्दल बोलायचं तर शिकारी पक्ष्यांची आपली स्वतःची नावं कमी नाहीत. श्येन हा ऋग्वेदातला, सोम आणणारा. यज्ञात श्येनाच्या आकाराची वेदी रचायचे ती श्येनचिती. १९७५ मध्ये केरळात पांजाळला ती विटांनी पुन्हा रचली गेली. शिबी राजाच्या मांडीचं मांस मागणारा तोही श्येनच. ससाणा हा शब्द मला अमरकोशातल्या 'शशादन'चा वाटतो, म्हणजे ससे खाणारा. ही सगळी घरची संपत्ती. पण पक्षी पाळून, शिकवून, मुठीवर बसवून शिकार करण्याचा धंदा दरबारांत फारसी बोलणाऱ्यांच्या हाती होता, आणि धंद्याचे शब्द धंदेवाल्यांबरोबर येतात. पागेतले, तोफखान्यातले शब्द पाहा ना.

त्या मीरशिकारांचे शब्द किती बारीक होते हे पाहिलं की 'ससाणा, बाज, बहिरी सगळे एकच, उगाच किस काढता' हे तुमचं शेवटचं वाक्य टिकत नाही. त्यांनी सगळे पक्षी डोळ्यांवरून दोन गटांत घातले: गुलाबचश्म आणि सियाहचश्म. पिवळ्या डोळ्यांचे एकीकडे, काळ्या डोळ्यांचे दुसरीकडे. बाज, बाशा, शिक्रा हे पिवळ्या डोळ्यांचे, आखूड रुंद पंखांचे, झाडीतून वळणं घेत पाठलाग करणारे. बहिरी, शाहीन, लग्गड हे काळ्या डोळ्यांचे, लांब टोकदार पंखांचे, उघड्या आभाळात उंच चढून तिथून कोसळणारे. बहिरी तसा कोसळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. बाजाला ते जमत नाही आणि बहिरीला झाडीत काही सुचत नाही. एवढंच नव्हे, नर-मादीची नावंसुद्धा वेगळी. मादी बाज तर नर जुर्रा. मादी शिक्रा तर नर चिपक. मादी लग्गड तर नर झग्गड. मान मादीला, कारण ती आकाराने मोठी आणि मोठी शिकार धरणारी. गुरू गोविंदसिंगांच्या हातावर असतो तो बाज आणि पंजाबचा राज्यपक्षी तोच, पण आपल्याकडच्या पोस्टांमध्ये त्याच्याखाली सर्रास बहिरीचा फोटो लावतात. किस काढायलाच हवा.

आता बहिर्जी नाईक. इथे तुमची गंमत अशी झालीय की ढाकच्या बहिरीला तुम्ही देव म्हणता, पक्ष्याच्या नावातही देवच पाहता, आणि जिथे खरोखर देव आहे तिथे नेमका पक्षी बसवता! नाव बारशाला ठेवतात. पाळण्यातल्या पोराची नजर ससाण्यासारखी निघेल आणि ते पुढे सुरतेची खबर काढेल हे कुणाला ठाऊक असणार? खंडोबाचा खंडोजी, जोतिबाचा जोत्याजी, तसा बहिरोबाचा बहिर्जी. संताजी घोरपड्यांच्या भावाचं नाव बहिर्जी होतं, तो हेर नव्हता, सरदार होता. बाळाजी विश्वनाथाच्या आधी शाहू महाराजांचे पेशवे होते ते बहिरोपंत पिंगळे. त्यांना तर कान्होजी आंग्र्यांनी पकडून ठेवलं होतं, तिथे ससाण्याची नजर काही कामाला आली नाही. गावोगाव बहिरोबा होते, म्हणून घरोघर बहिर्जी होते. नाईकांचं कर्तृत्व मोजायला पक्ष्याची गरज पडू नये. माझा 'व्हॉट्सॲपवरची कथा' हा शब्द तुम्हाला लागला असेल तर तो शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

तरीही तुमच्या बाजूने एक साक्षीदार मी स्वतः आणून देतो, कारण तो मला मूळ लेखात आठवला नव्हता. अहमदनगरची निजामशाही. या घराण्याचं उपनाव 'बहरी'. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, घराणं मूळचं पाथरीचं. लहानपणी विजयनगरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती सापडला आणि दरबारात वाढला. फिरिश्ता हा फारसीत लिहिणारा इतिहासकार सांगतो की त्याचं नाव तिम्माभट, बापाचं नाव भैरव, म्हणजे आपल्या तोंडी बहिरू. शहाजाद्याला ते नीट म्हणता येईना, तो 'बहरी' म्हणू लागला आणि तेच चिकटलं. दुसरी कथा अशी की मलिक हसनाकडे सुलतानाच्या शिकारी पक्ष्यांची व्यवस्था होती, म्हणून बहरी.

मला पहिली कथा जास्त खरी वाटते, कारण बापाचं नाव कुणी उगाच रचत नाही. पण दुसरी का जन्मली हेही कळतं. दरबारातल्या फारसी कानांना 'बहरी' म्हटलं की पक्षीच ऐकू येणार. त्याच्या पाथरीच्या घरच्या कुळकर्ण्यांना तेच नाव ऐकून कुलदैवत आठवणार. एकाच माणसाला हाक मारताना दोघं दोन वेगळे शब्द उच्चारत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे भैरवाचा बहरी झाल्याचं उदाहरण आहे, तुम्ही म्हणता तसंच. फक्त ते माणसाच्या बाबतीत, पक्ष्याच्या नाही.

लेखात दुरुस्ती केली आहे. ढाकचं वाक्य पुसून टाकलेलं नाही, खोडून तसंच ठेवलंय आणि खाली 'एक भटक्या यांच्या सांगण्यावरून' अशी ओळ घातली आहे. खरं नाव कळवलंत तर तेही घालीन. वरच्या फोटोखाली 'बहिरी ससाणा' असं लिहिलं होतं, तिथे आता 'शाहीन' आहे.