‘आधी मॅन्युअल वाचा’ या प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेतून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड चालवण्याची एक्झिक्यूट_कमांड_लाइन ही सोय पोर्टेबल आहे, म्हणजे एका कंपायलरवरून (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) दुसऱ्यावर तशीच नेता येते, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिले आहे, ‘एक्झिक्यूट_कमांड_लाइन पोर्टेबल आहे म्हणणाऱ्याने आधी मॅन्युअल वाचावे, कमांड शेवटी शेलच चालवतो.’ (शेल म्हणजे टाइप केलेली कमांड समजून ती चालवणारा प्रोग्राम.)

मतभेदाला माझी ना नाही, परंतु ओळखदेख नसताना शिकवणी घेण्याचा हा सूर कशासाठी? कमांड चालवण्याची जुनी ‘कॉल सिस्टिम’ ही ज्या त्या कंपायलरची खासगी सोय होती, तेव्हापासून मी हे काम करतो. कुठे ती मूल्य परत न करणारी सबरुटीन, कुठे पूर्णांक परत करणारे फंक्शन, तर कुठे त्यासाठी वेगळे मॉड्यूल जोडावे लागे. जुना कोड एका कंपायलरवरून दुसऱ्यावर नेताना त्यापायी साचलेले प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी कोडचा कोणता भाग ठेवायचा ते ठरवणाऱ्या) अटींचे रान मी स्वतः उपसले आहे. फोर्ट्रान 2008 च्या मानकाने ती कटकट मिटवली, एवढेच माझे विधान होते. एक्झिक्यूट_कमांड_लाइनला दिलेल्या एक्झिटस्टॅट या आर्ग्युमेंटमध्ये कमांडचा स्वतःचा निकाल येतो, सीएमडीस्टॅटमध्ये ती चालवता आली की नाही हे कळते, आणि ही सोयच नसेल तर तिथे उणे 1 मिळतो. सीएमडीस्टॅट दिलाच नाही आणि चूक घडली, तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. मॅन्युअल न उघडता हे कुणाला सुचत असेल, तर त्याचे अभिनंदनच करायला हवे.

कमांडचा मजकूर शेलचा असतो, हे नाकारले कुणी? लेखातल्या उदाहरणात फाइलींची यादी दाखवणाऱ्या लिनक्सच्या एलएसऐवजी लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालणारी, फोल्डर बनवणारी एमकेडीआयआर घेतली असती तर बरे झाले असते, हे मान्य. पण तिच्यावर तरी किती विसंबावे? फोल्डरच्या आत फोल्डर करताना मध्ये पुढे झुकणारी तिरकी रेघ दिली, की विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तिला ऑप्शनची खूण समजतो आणि वाक्यरचना चुकल्याचे सांगून मोकळा होतो. एका कॉलमध्ये सीडी या कमांडने फोल्डर बदलून पुढच्या कॉलमध्ये त्याच फोल्डरात असण्याची आशाही व्यर्थ, कारण दर वेळी नवा शेल सुरू होतो. म्हणूनच कमांडच्या सगळ्या स्ट्रिंग एकाच मॉड्यूलमध्ये ठेवून तिथेच सिस्टिमनुसार निवडाव्यात, असे मी लेखाच्या शेवटी लिहिले होते. आपण बहुधा तिथवर पोहोचला नाहीत.

याहून चांगली पद्धत आपल्याकडे असल्यास चालणारा कोड पाठवावा, आणि तो कोणत्या कंपायलरांवर तपासला हेही कळवावे.