वसईच्या तहावरून लष्करी युती मोजता येईल का?

पुण्यातल्या इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे : लष्करी युतींमुळेच 1914चे महायुद्ध पेटले, युतीतला देश दुसऱ्याच्या युद्धात आपोआप ओढला जातो, आणि वसईच्या तहाने बुडालेली पेशवाई हा त्याचा आपल्या घरचा पुरावा.

1914च्या युद्धाचा वणवा युतींमुळे पसरला, हे मान्य आहे. पण 1882 पासून जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीशी करारबद्ध असलेला इटली त्या वर्षी तटस्थ राहिला आणि 1915 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच उतरला. उलट ब्रिटनने फ्रान्सला लढण्याचे बंधनकारक वचन दिलेले नसल्यामुळे तो बाजूला राहील, अशी आशा बर्लिनला बाळगता आली.

‘आपोआप’ हा शब्दही चुकीचा आहे. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या 1949च्या कराराचे पाचवे कलम, एका सदस्यावर हल्ला झाल्यास, प्रत्येक सदस्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करण्यास सांगते, त्यामुळे निर्णय त्याच्याच हाती राहतो. शिवाय रशियाने 2008 मध्ये जॉर्जियावर आणि 2014 व 2022 मध्ये युक्रेनवर सैन्य घातले, ते दोन्ही देश नाटोबाहेरचे. एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया हे चिमुकले शेजारी 2004 पासून आत आहेत आणि त्यांच्यावर तशी वेळ आलेली नाही. 2017 पासून तिथे मित्रदेशांच्या तुकड्या आहेत. त्या संख्येने लहान असल्या, तरी पहिल्याच दिवशी अनेक राष्ट्रांच्या सैनिकांवर गोळी झाडावी लागेल, ही जाणीव हल्लेखोराला जरब बसवते, असे मला वाटते.

वसईचे उदाहरण मात्र मनाला लागते, कारण त्यातून उलटाच धडा मिळतो. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि 31 डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज पत्करली. तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या सल्ल्याला बांधला. एकाची फौज दुसऱ्याच्या खर्चाने त्याच्याच दारात बसवणे म्हणजे सामूहिक संरक्षण नव्हे. ते आपल्याकडे खर्ड्याला घडले होते : 1795 मध्ये पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एकत्र उभे राहिले आणि निजामाला नमावे लागले. 1803 मध्ये तेच शिंदे आणि भोसले असई-आडगावला होळकरांविना लढून हरले, आणि 1804 मध्ये होळकर मैदानात उतरले तेव्हा त्या दोघांनी इंग्रजांशी तह करून टाकले होते.