परीटघडी कोणाच्या हातची?

सोलापुरात सध्या एक मजकूर फोनोफोनी फिरतो आहे: घरोघरी वॉशिंग मशीन आल्यामुळे परटिणीचे काम संपले, तसेही त्यात कौशल्य नव्हतेच, आणि धंदा मुळात पुरुषाचा, बाई नुसती हाताखाली. यातले एकही विधान खरे नाही.

काम संपले म्हणणाऱ्याने आधी आपला नळ पाहावा. उजनीचे पाणी शहरात काही दिवसांआड येते, आणि साठवलेल्या पाण्यावर मशीन रोज लावणे परवडत नाही. शिवाय आपली सोलापुरी चादर भिजली की एकटीला पिळवत नाही. दोघींनी दोन टोके धरून पीळ द्यावा लागतो. कामाचे रूप बदलले, हे मात्र मान्य. बारा बलुत्यांतल्या परटिणीला सुगीत धान्य मिळे. आज तिची नात चार घरी महिन्याच्या पगारावर धुण्याला जाते आणि राज्याच्या २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यात तिची गणना होते.

कौशल्य नाही, हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. माझ्या लहानपणी आमच्याकडे कपडे न्यायला येणाऱ्या मावशींना अक्षरओळख नव्हती. ज्याच्या रसाचा काळा डाग धुण्याने जात नाही, त्या बिब्ब्याच्या फळाला मावशी सुई टोचत, तिच्या टोकाने लुगड्याच्या आतल्या काठावर खूण करीत आणि वर चुन्याचे बोट लावीत. आमची दोन टिंबे, शेजारच्यांचे टिंब आणि आडवी रेघ. वीस घरांचे कपडे एकाच भट्टीत उकळून निघाले, तरी आमचे धोतर कधी दुसऱ्या घरी गेले नाही. बिब्बा उतून त्यांच्या बोटांना फोड येत, ते मी पाहिले आहेत. रंग सोडणारे कापड आधी वेगळे काढणे, सोडा किती, नीळ किती, हे सारे हाताच्या अंदाजाने चाले. नीळ जास्त झाली की पांढरे धोतर निळे दिसते.

राहिला पुरुषाच्या धंद्याचा मुद्दा. भट्टी लावणे आणि इस्त्री फिरवणे बहुधा पुरुषाकडे असे, परंतु कपडे गोळा करणे, निवडणे, खुणा, वाळवण आणि घरपोच देणे ही कामे मी बाईलाच करताना पाहिली. आपल्या भाषेने ‘परीटघडी’ या शब्दात श्रेय परटाला दिले. आमच्या घरी येणारी घडी मावशींच्या हातची असे. महिन्याचा हिशेबही त्यांच्याच घराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेला असे, आणि पैसे मागायला त्या स्वतः दारात येत.